जुन्या गाडीचा रंग खरवडण्याआधी: शेंदूर, कापूस आणि चांद्याचं लोखंड

चंद्रपूर, बल्लारपूर किंवा गडचिरोलीतल्या कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये जुन्या गाडीच्या रंगाचा विषय काढा. दोन-चार वाक्यांत ‘ड्युको’ हा शब्द येतोच. फर्निचर करणारा सुतारही गुळगुळीत, चकचकीत फिनिशला ड्युको म्हणतो. शब्द इतका आपला झालाय की तो एका अमेरिकन कंपनीनं १९२३ साली मोटारींसाठी बाजारात आणलेल्या रंगाचं नाव आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

जुन्या गाड्यांच्या अंगावर असे बरेच न ओळखले गेलेले पाहुणे असतात. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची फियाट उभी असते, किंवा सरकारी लिलावात घेतलेली जीप. एखाद्या उन्हाळ्यात घरातला तरुण मुलगा ठरवतो की आता ही नवी करायची. तो पॉलिश पेपर आणतो, ग्राइंडर भाड्यानं आणतो आणि दोन दिवसांत पत्रा पांढराशुभ्र करून मोकळा होतो. हा लेख त्या दोन दिवसांच्या आधी वाचावा, यासाठी लिहितेय. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी पीएच.डी.साठी लोखंडावरच्या लेपांचा इतिहास हा विषय घेतला. माझं म्हणणं साधं आहे. जुन्या गाडीचा रंग हा एक दस्तऐवज आहे आणि त्याच वेळी तो विषारी आहे. न वाचता खरवडला तर दस्तऐवज जातो आणि विष घरात येतं.

थर मोजायचे कसे

जंगलाच्या जिल्ह्यातल्या वाचकांना एक उपमा लगेच कळेल. आलापल्लीच्या सागाचा ओंडका आडवा कापला की वर्षावर्षाची वर्तुळं दिसतात. गाडीच्या रंगातही तशी वर्तुळं काढता येतात. दरवाज्याच्या आतल्या कडेला किंवा सीटखाली रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडायची. बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून मधोमध जास्त आणि कडेला कमी असं गोल घासायचं. मधे पत्रा दिसू लागला की थांबायचं. पत्र्याभोवती प्रायमरचं कडं, त्याबाहेर पहिला रंग, मग दुसरा, असं करत सगळ्यात बाहेर आजचा रंग. समजा तुमच्या पांढऱ्या जीपखाली निळा निघाला आणि त्याखाली गडद हिरवा. म्हणजे गाडी निदान दोनदा नव्यानं रंगवली गेली आणि मूळची ती हिरवी होती. आरसीबुकात जे लिहिलेलं नसतं ते इथे लिहिलेलं असतं.

रंग कुठला, हे ओळखण्याची गॅरेजमधली एक जुनी युक्ती रसायनशास्त्रालाही मान्य आहे. पांढऱ्या कापडाला थोडा थिनर लावून आडबाजूच्या जागेवर चोळायचा. रंग सहज विरघळून कापडावर आला तर तो ड्युकोसारखा लॅकर. रंग हळूहळू मऊ पडला किंवा सुरकुतला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर तो हार्डनर घालून मारलेला पीयू, म्हणजे बहुधा अलीकडचा. तिघं वेगळं वागतात कारण तिघं वेगळ्या पद्धतीनं वाळतात, आणि रंगाचा सगळा इतिहास या वाळण्यात दडलेला आहे.

कुठल्याही रंगात तीन गोष्टी असतात: रंग देणारी पूड, पुडीला पत्र्यावर चिकटवून ठेवणारा बंधक पदार्थ आणि हे सगळं पातळ करणारा द्रावक. पूड डोळ्यांना दिसते म्हणून आपण तिच्याबद्दल बोलतो. इतिहास घडवला तो बंधकानं.

जवसाच्या तेलाचे दिवस

मोटार आली तेव्हा ती घोडागाडीचीच वारस होती. तिला रंगवायची पद्धतही बग्गीचीच होती. त्या रंगाचा बंधक म्हणजे जवसाचं तेल आणि त्यात शिजवलेली राळ. विदर्भातल्या घरांत जवसाची चटणी रोजची असते, पण या तेलाचा दुसरा गुण स्वयंपाकघरात दिसत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा चिवट पापुद्रा होतो. तेलाचं हे वाळणं पाणी सुकण्यासारखं नसतं. ती एक रासायनिक क्रिया आहे आणि तिला वेळ लागतो.

हा वेळ कारखान्यांच्या गळ्याशी आला. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा मारायचा. असे अनेक हात पुरे होईपर्यंत दोन ते चार आठवडे लागत. गाडीचा सांगाडा काही तासांत जोडून होई आणि मग ती रंगाच्या शेडमध्ये महिनाभर पडून राही. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’नं १९१४ पासून अकरा-बारा वर्षं फक्त काळा रंग ठेवला. एकच रंग ठेवला की भट्टीत वाळवायची सोय आणि हिशेब दोन्ही सोपे होत.

त्या काळात युरोपला जवस पुरवणाऱ्या देशांत हिंदुस्थान मोठा होता आणि त्यात मध्य प्रांताचा वाटा लक्षणीय होता. इथून बी जहाजात चढे, तिकडे तेल आणि रंग होई, आणि तयार रंग डबाबंद होऊन परत येई. लक्षात ठेवा हा प्रवास, कारण पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

कापूस, तोफ आणि ड्युको

१८४६ साली बासेलमधल्या क्रिस्टियान शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं एक नवा पदार्थ जाहीर केला. गोष्ट अशी सांगतात की स्वयंपाकघरात सांडलेलं आम्ल त्यांनी बायकोच्या सुती एप्रननं पुसलं, एप्रन शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भप्पकन जळून नाहीसा झाला. गोष्ट खरी असो वा रचलेली, रसायन खरं आहे. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. त्यात नायट्रोजन जास्त असेल तर ती तोफेची दारू. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत जे प्रणोदक बनतं, त्याचा पाया हाच पदार्थ. नायट्रोजन थोडा कमी ठेवला तर तोच पदार्थ द्रावकात विरघळतो आणि द्रावक उडून गेला की मागे पारदर्शक, कडक पापुद्रा उरतो.

पहिल्या महायुद्धात ड्युपॉन्ट कंपनीनं दोस्तराष्ट्रांसाठी प्रचंड प्रमाणात ही दारू बनवली. १९१८ साली युद्ध थांबलं आणि अवाढव्य कारखाने रिकामे पडले. नायट्रोसेल्युलोजचा रंग करायची कल्पना आधीपासून होती, पण द्रावण इतकं घट्ट होई की ते फवारण्याजोगं पातळ केलं तर त्यात रंग फारच थोडा उरे. १९२० च्या सुमारास ड्युपॉन्टच्या रसायनशास्त्रज्ञांना कमी घट्ट नायट्रोसेल्युलोज मिळवण्याची रीत सापडली. त्यात भरपूर पूड मावत होती आणि तरीही ते फवारता येत होतं. यातून ड्युको आला. जनरल मोटर्समध्ये ड्युपॉन्टची मोठी भागीदारी होती, त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं. १९२३ च्या शरद ऋतूत, पुढच्या वर्षाचं मॉडेल म्हणून आलेल्या ओकलंड गाड्या निळ्या ड्युकोत रंगून बाहेर पडल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं, आणि काळ्याशिवाय इतर रंगही परवडू लागले. आज गाडी घेताना आपण ‘कलर कुठला?’ असं जे सहज विचारतो, त्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

हा रंग ब्रशनं मारता येत नाही, कारण तो ब्रशखालीच वाळतो. त्याला फवारणी हवी. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी घशात औषध फवारायचं यंत्र बनवलं होतं आणि त्यांच्या मुलानं १९०७ साली त्याच तत्त्वावर रंगाची स्प्रे गन केली. योगायोग असा की ज्या विलीस-ओव्हरलँड कंपनीची जीप पुढे आपल्या जंगलातल्या रस्त्यांवर फिरली, ती कंपनीही टोलेडोचीच.

आणखी एक गंमत. ड्युको ज्या जातीचा रंग आहे तिला इंग्रजीत लॅकर म्हणतात. या शब्दाचा माग काढत गेलं की पोर्तुगीज आणि अरबी मार्गे तो संस्कृत ‘लाक्षा’पर्यंत पोचतो, म्हणजे आपल्या लाखेपर्यंत. गडचिरोलीच्या जंगलात पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर जो किडा राळ सोडतो, तीच ही लाख. शब्द इथला, कापूस आपल्या काळ्या मातीत पिकणारा, आणि डब्यावरचं नाव मात्र ड्युको. जवसासारखाच प्रवास.

गिरगावातलं गॅरेज

ड्युपॉन्ट आणि ब्रिटनची आयसीआय यांच्यात १९२९ साली पेटंटांची देवाणघेवाण करण्याचा करार झाला. ब्रिटिश साम्राज्याची बाजारपेठ आयसीआयकडे आली आणि तिच्या डब्यांवरून ड्युको आणि ड्युलक्स ही नावं इथे रुळली. यातलं ड्युलक्स वेगळ्या जातीचं: इनॅमल. त्याच्या बंधकाला अल्किड म्हणतात. जवसासारखं वाळणारं तेल घेऊन त्याला ग्लिसरीन आणि थॅलिक आम्लाबरोबर बांधून टाकायचं. म्हणजे जवस परत आला, फक्त जास्त शिस्तीत. इनॅमल ड्युकोपेक्षा सावकाश वाळतं, पण थर जाड बसतो आणि घासल्याशिवायही चमकतो. ट्रक, ट्रॅक्टर, जीप यांना तेच परवडलं.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि रंगाची आयात बंद पडली. १९४२ च्या फेब्रुवारीत मुंबईत गिरगावच्या गायवाडीतल्या एका गॅरेजमध्ये चार तरुणांनी रंग बनवायला सुरुवात केली: चंपकलाल चोकसी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील. हीच पुढची एशियन पेंट्स. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी ब्रश हातात घेतलेला खोडकर गट्टू काढला. त्याच दशकात महाराष्ट्रात मोटारीही उभ्या राहू लागल्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात फियाट ११०० जोडत होती. पन्नासच्या दशकातल्या त्या गोलमटोल गाडीला लोकांनी प्रेमानं ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. १९४५ साली सुरू झालेली महिंद्र अँड महंमद १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली आणि माझगावात विलीसच्या जीप जोडू लागली. डांबर नसलेल्या रस्त्यांचा आणि पुलाशिवायच्या नाल्यांचा आपला मुलूख जीपनंच धुंडाळला. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही भामरागड-एटापल्लीकडे जायचं तर भरवशाचं वाहन तेच होतं.

त्यामुळे तुमच्या शेडमधल्या गाडीवर इनॅमल निघालं तर तिला कमी लेखू नका. आयात थांबल्यावर देशात रंग करायला शिकलेल्या एका पिढीचं काम त्या थरात आहे.

दोन लाल: शेंदूर आणि गेरू

रंगाच्या खाली प्रायमर. जुन्या लोखंडावर तो बहुतेक वेळा लाल असतो, पण लाल दोन प्रकारचे असतात आणि त्यांतला फरक जिवाशी संबंधित आहे.

पहिला विटकरी. रेड ऑक्साईड म्हणून जो डबा मिळतो, त्यातली पूड म्हणजे लोहाचं ऑक्साईड. आपण अंगणात आणि भिंतींवर वापरतो तो गेरू याच जातीचा. तो निरुपद्रवी आहे.

दुसरा केशरीकडे झुकणारा, झगझगीत आणि हाताला जड. हा शिशाचा ऑक्साईड: तीन अणू शिशाचे, चार ऑक्सिजनचे. याचं मराठी नाव शेंदूर. गावच्या वेशीवरच्या मारुतीला तेलात कालवून जो परंपरेनं चढवत आले, तोच पदार्थ जवसाच्या तेलात कालवून जगभरातले पूल, जहाजं आणि गाड्यांचे सांगाडे रंगवले गेले. तो गंज थांबवतो याचं कारण असं की शिसं आणि तेलातली आम्लं मिळून एक प्रकारचा साबण होतो, आणि त्याचे अंश लोखंडाच्या पृष्ठभागावर बसून गंजण्याची क्रिया रोखतात. शेकडो वर्षं अनुभवानं चाललेल्या या गोष्टीचं रसायन विसाव्या शतकात उलगडलं.

शेंदराच्या थरांखाली काय असतं हे महाराष्ट्रानं २०२२ साली पाहिलं. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचं हजार किलोंहून अधिक शेंदराचं कवच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढलं गेलं, आणि खाली मूळ कोरीव रूप जसंच्या तसं निघालं. थरानं मूर्ती झाकली होती आणि सांभाळलीही होती. गाडीबाबत हेच खरं आहे. चांगला टिकलेला प्रायमर सरसकट काढून टाकण्यात शहाणपण नाही, कारण त्याच्याखालचा पत्रा त्यानंच वाचवलेला असतो.

मात्र शिसं फक्त प्रायमरमध्ये नसतं. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि काही हिरव्या रंगांत लेड क्रोमेट असे. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाचे क्षार घालत. पत्र्याचे सांधे भरायला शिसं आणि कथिलाचं मिश्रण वितळवून ओतत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमची गाडी त्याच्या खूप आधीची आहे. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि रक्तातली अमुक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. कोरड्या ग्राइंडरनं उडालेली धूळ शेडपुरती राहत नाही. ती वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, अंगणात पडते आणि रांगत्या मुलाच्या हातांतून तोंडात जाते.

पत्रा: आपल्या जिल्ह्याची हुकलेली गोष्ट

सगळ्यात खाली लोखंड. इथे चांद्याचा एक अध्याय सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

१८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूशास्त्रज्ञाचा एक अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या टेकडीत उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. टाटांचा नागपुरात एम्प्रेस मिलचा कारभार होता, म्हणजे मुलूख ओळखीचा. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाची तपासणी करून घेतली. तो भट्टीला लागणारा कोक देईना आणि खाणकामाच्या सरकारी अटीही जाचक होत्या. बेत थांबला. १८९९ नंतर अटी सैल झाल्यावर तो पुन्हा उचलला गेला. दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड चांद्याच्या जंगलात हिंडले. खनिज चांगलं होतं, पण मोठा कारखाना उभा राहील असा खनिज-कोळशाचा मेळ बसेना. निराश दोराबजी नागपुरात सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथल्या भूशास्त्रीय नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाच्या खुणा दिसल्या. शोध तिकडे वळला, मग प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंजकडे. १९१२ साली पोलाद निघालं ते साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला.

म्हणजे देशातला पहिला मोठा पोलाद कारखाना आपल्याकडे व्हायचा आणि राहिला. आपल्या भागात त्याआधीही लोखंड होतंच. कोळशाच्या छोट्या भट्ट्यांत भात्यानं वारा घालून इथले लोहार खनिजातून लोखंड काढत आणि त्याचे नांगराचे फाळ, कुऱ्हाडी बनत. कारखान्याचं स्वस्त लोखंड बाजारात आलं आणि त्या भट्ट्या विझत गेल्या. आज एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं खनिज ट्रकमध्ये भरून बाहेर जातं. जवस गेला, कापूस गेला, आता दगड जातोय. काय बाहेर गेलं आणि काय होऊन परत आलं, याचा हिशेब कुठल्या सरकारी वहीत एकत्र मिळत नाही. जुन्या गाडीच्या दरवाज्यावर मात्र तो एका नाण्याएवढ्या जागेत मिळतो. मी या विषयाकडे वळले ते यासाठी.

आता कामाचं

इतिहास झाला. गाडी उभीच आहे. मग करायचं कसं?

पहिलं म्हणजे सगळं काढू नका. मोटारींच्या वारशासाठी काम करणाऱ्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ साली ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा गाभा असा की आधी जतन, मग दुरुस्ती आणि अगदी शेवटी नव्यानं घडवणं. आपल्याकडेही जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. तेव्हा उत्साहाच्या भरात पत्रे कापण्याआधी नियम वाचा.

दुसरं, कोरडं घासू नका. वॉटर पेपर आणि पाणी. घासलेला लगदा फडक्यानं टिपून पिशवीत बंद करा. तो विहिरीजवळ, नालीत किंवा वाफ्यात ओतू नका. कामाचे कपडे वेगळे ठेवा आणि वेगळे धुवा. मुलं आणि गरोदर बाई त्या बाजूला नकोत. तोंडावर रुमाल बांधणं पुरेसं नाही, बारीक कण अडवणारा मास्क लागतो.

तिसरं, ब्लो लॅम्पनं रंग जाळून काढू नका. शिशाची वाफ होते, आणि रंग ड्युको असेल तर तुम्ही तोफेच्या दारूच्या सख्ख्या भावाला काडी लावताय. थिनरची फडकी आणि ड्युकोची भुकटी उघड्यावर साचू देऊ नका. जवसाच्या तेलाचे बोळे तर कोंबून ठेवले की आपोआप तापून पेट घेतात. ऑक्सिजन घेताना तेल उष्णता सोडतं, ती बाहेर पडायला जागा हवी.

चौथं, गंज. खोलवर खड्डे नसतील तर गंज तासून संपवण्याऐवजी त्याचं रूप पालटता येतं. सैल गंज ब्रशनं काढायचा आणि टॅनिक आम्लाचं द्रावण लावायचं. उरलेल्या गंजाचा निळसर काळा, घट्ट थर होतो. संग्रहालयांतल्या लोखंडी वस्तूंसाठी हीच रीत वापरतात. आपल्या जंगलातला हिरडा टॅनिननं भरलेला असतो. हिरडा आणि लोखंड यांच्यापासून काळी शाई करायची आपली जुनी रीत म्हणजे हेच रसायन. गाडीला मात्र बाजारातलं मोजून बनवलेलं द्रावण वापरा, काढ्यात प्रमाण सांभाळता येत नाही.

पाचवं, मोसम. ड्युकोचा द्रावक झपाट्यानं उडतो आणि उडताना पत्रा गार करतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्या गार पृष्ठभागावर दव धरतं आणि रंग दुधाळ पडतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात उलट होतं. पंचेचाळीस अंशांत रंगाचे थेंब बंदुकीतून पत्र्यावर पोचेपर्यंतच वाळतात आणि हाताला सँडपेपर लागतो. शिवाय औष्णिक केंद्राची राख आणि खाणींची धूळ ओल्या रंगावर बसायला टपलेली. दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ बरा. सकाळी दव उडाल्यावर, शेडच्या जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवून काम करा.

सहावं, पीयू घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्यानं कायमचा दमा लागू शकतो. तो रंग हवाच असेल तर योग्य बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या ठिकाणी द्या. घरच्या शेडमध्येही ड्युको-इनॅमल फवारताना सेंद्रिय वाफ अडवणारा मास्क, मोकळी हवा आणि ठिणगी नको, एवढं पाळावंच लागतं.

आणि शेवटचं. सुरुवातीला घासून काढलेली ती वर्तुळं नव्या रंगाखाली गाडू नका. सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे तळहाताएवढी जागा जुन्या थरांसकट तशीच राहू द्या. तिच्यावर पारदर्शक लॅकरचा एक हात द्या, आणि शेजारी रंगाचं नाव, कंपनी, तारीख आणि रंगवणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. गॅरेजमधल्या कारागिराचं नाव तर नक्कीच लिहा, कारण आजवरच्या कुठल्याच थरावर ते लिहिलेलं नाही.